घरून काम करताना ‘तास खोटे भरले’ असा ठपका आला तर? नोटीस, पुरावे, पगार आणि दाद मागण्याची सविस्तर माहिती

पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादच्या कंपन्यांचं काम गावात बसून करणारी मुलं-मुली आता तालुक्या-तालुक्यात आहेत. कोणी ग्राहकांचे फोन घेतं, कोणी बिलांच्या नोंदी करतं, कोणी सॉफ्टवेअर तपासतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही पद्धत पसरली आणि अनेक ठिकाणी ती टिकली. शहरातलं भाडं वाचतं, म्हाताऱ्या आई-वडिलांकडे लक्ष राहतं, सकाळ-संध्याकाळ शेतीला हातभार लागतो.

पण एखाद्या दिवशी कंपनीचा मेल येतो. ‘तुम्ही भरलेले तास आणि सिस्टिमवर दिसणारे तास जुळत नाहीत. दोन दिवसांत खुलासा द्या.’ घरात पहिल्यांदाच कोणी कंपनीत लागलेलं असेल तर अशा मेलने सगळं घर हादरतं. यात महिन्याचा पगार तर अडकतोच, शिवाय ‘खोटे तास भरले’ असा शेरा बसून नोकरी गेली तर पुढची कंपनी चौकशी करते तेव्हा तोच शेरा आडवा येतो.

अशा वेळी घाबरून राजीनामा टाकणं आणि रागात काहीही लिहून पाठवणं, दोन्ही अंगाशी येतं. कॉम्प्युटरची नोंद म्हणजे शेवटचा शब्द नाही. मात्र तिला उत्तर द्यायला आपल्याकडेही त्याच दिवशी केलेली नोंद लागते. नुसतं ‘मी काम करत होतो’ म्हणून भागत नाही.

आरोप नेमका कशाचा आहे, ते आधी ओळखा

‘तास खोटे भरले’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आरोप असू शकतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

• टाइमशीटमध्ये ९ तास भरले, पण सिस्टिमवर ६ तासच हालचाल दिसली.
• लॉगिन चालू होतं, पण माणूस जागेवर नव्हता.
• माउस आपोआप हलवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरलं.
• आपला पासवर्ड देऊन भाऊ-बहिणीला लॉगिन करायला सांगितलं.
• त्याच वेळेत दुसऱ्या कंपनीचंही काम केलं.

पहिल्या दोन प्रकारांत चूक, गैरसमज किंवा यंत्राचा दोष असण्याची शक्यता असते. नंतरच्या तीन प्रकारांत कंपन्या सहसा माफी देत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं. दोन ठिकाणी पीएफ भरला जात असेल तर एकाच यूएएन नंबरवर दोन्ही नोकऱ्या दिसतात, हेही लक्षात असू द्या.

कंपनी तास मोजते कशी?

पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. साधारणपणे पुढच्या नोंदी ठेवल्या जातात.

• लॅपटॉप आणि कंपनीचं व्हीपीएन केव्हा जोडलं, केव्हा तुटलं.
• कीबोर्ड आणि माउस किती वेळ हलला. ठरावीक मिनिटं हात लागला नाही की सॉफ्टवेअर तो वेळ ‘रिकामा’ धरतं.
• ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो.
• कोणती फाइल उघडली, किती वेळ उघडी होती, काय प्रिंट केलं.
• कॉल सेंटरच्या कामात प्रत्येक कॉल आणि प्रत्येक ब्रेकची वेळ.

म्हणजे यंत्र हाताची हालचाल आणि जोडणी मोजतं. काम किती झालं हे त्याला थेट कळत नाही. कर्मचाऱ्याचा खुलासा बहुतेक वेळा याच फरकावर उभा राहतो.

यंत्राची नोंद कुठे फसते?

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा होतो. अनेक सिस्टिम वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे न ठेवता यूटीसी या जागतिक वेळेप्रमाणे ठेवतात. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. सकाळी ९.३० चं लॉगिन तिथे पहाटे ४ वाजताचं दिसतं. रात्री २ वाजता केलेलं काम तर आदल्या तारखेला रात्री ८.३० वाजता केल्याचं दिसतं. रात्रपाळी करणाऱ्यांच्या बाबतीत यामुळे एका दिवशी तास कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त दिसू शकतात. म्हणून कंपनीने तक्ता दिला की पहिला प्रश्न हाच विचारा, की यातली वेळ कोणत्या घड्याळाची आहे?

दुसरं म्हणजे नेट. गावात रेंज गेली की व्हीपीएन तुटतं. माणूस लॅपटॉपवर काम करतच असतो, पण कंपनीकडे तेवढ्या वेळेचा खड्डा पडतो. तिसरं म्हणजे लॅपटॉपबाहेरचं काम. साहेबांशी मोबाइलवर झालेलं बोलणं, ग्राहकाला केलेला फोन, कागदावर लावलेला हिशोब, मोबाइलवरून जोडलेली मीटिंग, यातलं काहीही कीबोर्डच्या मोजणीत येत नाही.

बाहेरच्या देशांतली दोन प्रकरणं

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका प्रकरणाचा निकाल जानेवारी २०२३ मध्ये लागला. घरून काम करणाऱ्या एका अकाउंटंट महिलेला कंपनीने काढलं. तिने विनाकारण काढल्याची भरपाई म्हणून ५,००० डॉलर मागितले. कंपनीने उलट दावा केला. टाइमकॅम्प नावाच्या सॉफ्टवेअरच्या नोंदीनुसार तिने भरलेल्या सुमारे ५० तासांचा हिशोब लागत नव्हता. कागदाच्या प्रिंट काढून त्यावर काम केलं, असं तिचं म्हणणं होतं. पण सॉफ्टवेअर प्रिंटचीही नोंद ठेवत होतं आणि तेवढ्या प्रिंट निघालेल्या दिसल्या नाहीत. कागदावर काम करत असल्याचं तिने तेव्हा कंपनीला कळवलंही नव्हतं. शिवाय व्हिडिओ मीटिंगमध्ये तिने हात न लावलेल्या फाइलींवर वेळ टाकल्याचं कबूल केलं होतं आणि त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग होतं. शेवटी तिलाच कंपनीला २,६०० डॉलरहून जास्त रक्कम द्यावी लागली.

दुसरं प्रकरण अमेरिकेतलं. वेल्स फार्गो या मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा भास निर्माण केल्याच्या आरोपावरून डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. जून २०२४ मध्ये ही बातमी जगभर गाजली.

तिथले कायदे वेगळे आहेत, तरी दोन गोष्टी इथेही लागू पडतात. लॅपटॉपबाहेर काम केलं तर ते त्याच दिवशी कळवलेलं बरं. आणि व्हिडिओ मीटिंगमध्ये गोंधळून बोललेलं वाक्यही पुरावा ठरू शकतं.

मेल आल्यावर पहिले दोन दिवस

१. मेल पूर्ण वाचा. तारखा कोणत्या, तास किती, उत्तराची मुदत किती, हे वहीत उतरवून घ्या.

२. लगेच फोन करून भांडू नका. मेल मिळाल्याची पोच द्या आणि तारीखवार तक्ता मागा. मुदत कमी असेल तर लेखी वाढवून मागा.

३. त्या काळातल्या सगळ्या नोंदी तशाच जपून ठेवाव्यात, अशी लेखी विनंती कंपनीला करा. त्या पुढे पुसल्या जाण्याची भीती असते.

४. तुम्ही काहीही पुसू नका. लॅपटॉप फॉरमॅट करणं, चॅट उडवणं, टाइमशीट मागच्या तारखेने बदलणं, यातलं काहीही केलं तर निर्दोष माणूसही दोषी दिसतो.

५. कंपनीच्या ग्राहकांच्या फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तो वेगळा गुन्हा धरला जातो. तुमची हजेरी, पगारपत्रक, नेमणूक पत्र आणि तुमच्याशी झालेला पत्रव्यवहार यापुरतंच राहा. लॅपटॉपचं लॉगिन अचानक बंद होऊ शकतं, म्हणून नेमणूक पत्र आधीच घरात छापून ठेवलेलं बरं.

६. फोनवर किंवा मीटिंगमध्ये बोलणं झालं तर नंतर लगेच मेल टाका. ‘आज अमुक वाजता झालेल्या बोलण्यात हे हे मुद्दे आले’ असं थोडक्यात लिहा.

गावात राहून कोणते पुरावे मिळतात?

वीज: लाइट गेली की महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक मिळतो, त्यात तारीख असते. मोबाइल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडलेला असेल तर वीज बंद ठेवण्याचे मेसेजही येतात. ते पुसू नका.

नेट: फायबरची लाइन तुटली, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर नेटवाल्याला फोन करून न थांबता मेसेजही करा. त्याचं उत्तर हा पुरावा आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर काम केलं असेल तर त्या दिवशीचा डेटा वापर फोनमध्ये दिसतो.

काम: पाठवलेले मेल, पूर्ण केलेल्या कामाच्या नोंदी, साहेबांच्या चॅटवरच्या सूचना, मोबाइलच्या कॉल यादीतल्या वेळा. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या. फोटो कापू-जोडू नका.

उलट बाजूचा पुरावाही गावातच तयार होतो. सकाळी ११ वाजता लॉगिन चालू आणि त्याच वेळी व्हॉट्सॲप स्टेटसला कांदा लागवडीचा फोटो, असं असेल तर खुलासा अवघड जातो. शेतात जायचंच असेल तर अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली परवडते.

खुलासा कसा लिहायचा?

खुलासा छोटा, तारीखवार आणि शांत भाषेत असावा. कंपनीचं कामकाज इंग्रजीत असेल तर हेच मुद्दे साध्या इंग्रजीत लिहा. नमुना असा:

‘आपला अमुक तारखेचा मेल मिळाला. आरोप मला मान्य नाही. माझा खुलासा तारखेप्रमाणे पुढे देत आहे.
५ तारीख: दुपारी २ ते ४ वीज बंद होती. महावितरणचा तक्रार क्रमांक सोबत आहे. २ वाजून ५ मिनिटांनी टीम लीडरना मेसेज केला होता, तो जोडला आहे. राहिलेलं काम रात्री ८ ते १० पूर्ण केलं.
९ तारीख: सकाळी ११ ते १२.३० मोबाइलवरून मीटिंगमध्ये होतो.
१२ तारीख: टाइमशीटमध्ये ९ ऐवजी ८ तास हवे होते. आठवड्याचे तास एकदम भरताना ही चूक झाली. हेतू नव्हता. तो एक तास दुरुस्त करावा.
आपल्या तक्त्यातली वेळ भारतीय वेळेप्रमाणे आहे का, ते कळवावे. चौकशी झाल्यास माझी बाजू मांडण्याची संधी द्यावी.’

यात १२ तारखेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जिथे खरोखर चूक झाली तिथे तेवढीच मान्य करावी. चुकून भरलेला तास आणि मुद्दाम भरलेला तास यात फरक असतो आणि तो फरक वागण्यातून सिद्ध होतो. एक चूक लपवायला गेलं की बाकीच्या खऱ्या तारखांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि पुरावा नसलेल्या तारखेसाठी बनावट कागद तयार करणं तर सगळ्यात वाईट. तिथे ‘आठवत नाही, त्या दिवशीचं पूर्ण केलेलं काम तपासावं’ एवढंच लिहावं.

चौकशी आणि निलंबन

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली औद्योगिक संबंध संहिता शिस्तीच्या कारवाईशी संबंधित आहे. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला स्थायी आदेश, म्हणजे कामाचे लेखी नियम, लागू होतात. तिथे चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराची चौकशी साधारण ९० दिवसांत पूर्ण करायची असते. या काळात पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के निर्वाह भत्ता मिळतो. कामगाराचा दोष नसताना चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के.

चौकशी म्हणजे काय? आरोप लेखी देणं, पुरावे दाखवणं, उत्तराला वेळ देणं आणि बाजू ऐकून मगच निर्णय घेणं. फौजदारी कोर्टाइतका कडक पुरावा इथे लागत नाही. कोणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं यावर निकाल झुकतो. त्यामुळेच आपल्या बाजूचे छोटे छोटे कागदही कामाला येतात.

या संहितेत ‘कामगार’ म्हणजे कारकुनी, तांत्रिक, हाताचं काम करणारे. व्यवस्थापक त्यात येत नाहीत. देखरेखीचं काम करणाऱ्यांना १८,००० रुपये पगाराची मर्यादा आहे. पदाचं नाव ‘मॅनेजर’ असलं तरी प्रत्यक्ष काम काय होतं, हे बघितलं जातं.

पगार कापला तर?

वेतन संहितेत यावर स्पष्ट नियम आहेत आणि हे नियम पगार कितीही असला तरी लागू होतात.

• गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच होते. समजा महिन्याचा पगार १८,००० रुपये म्हणजे दिवसाचा ६०० आहे. ५ दिवसांचा वाद असेल तर ३,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाही. सगळा महिना अडवून ठेवता येत नाही.
• दंड लावायचा तर आधी बाजू ऐकावी लागते आणि तो त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त नसतो. १८,००० वर ५४० रुपये.
• सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जात नाहीत.
• नोकरीवरून काढलं किंवा राजीनामा दिला तर राहिलेला पगार २ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.
• पगार कमी दिल्याचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते.

‘राजीनामा द्या, विषय मिटवू’ असं म्हणाले तर?

हा प्रस्ताव फोनवरून दिला जातो आणि तासाभरात उत्तर मागितलं जातं. कधी कधी तो खरोखर दोघांच्या सोयीचा असतो. पण राजीनामा एकदा गेला की ‘मला काढलं’ असं नंतर म्हणणं अवघड होतं. एक रात्र विचाराला घ्या, घरात बोला. द्यायचाच ठरवलं तर आधी तीन गोष्टी मेलवर लिहून मागा: राहिलेला पगार, अनुभवाचं पत्र आणि नोंदीत आरोपाचा शेरा राहणार नाही ही हमी. कोऱ्या कागदावर किंवा ‘मी फसवणूक केली’ अशा छापील मजकुरावर सही करू नका.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी कंपनीच्या आतली, म्हणजे एचआर आणि तक्रार समिती. तिथे काही झालं नाही तर कामगार आयुक्त कार्यालय. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी बसतात. कंपनी पुण्यात आणि काम गावातून, अशा वेळी अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा ते तिथे आधी विचारून घ्या. नोकरीवरून काढल्याच्या वादात आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, मग प्रकरण न्यायाधिकरणाकडे जातं. २ वर्षांनंतर तडजोडीची कारवाई होत नाही, म्हणून दिवस घालवू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना कायद्याने मोफत मदत मिळते. हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

ज्यांच्याकडे नेमणूक पत्र नाही, ‘कन्सल्टंट’ किंवा ‘फ्रीलान्सर’ म्हणून करार आहे, त्यांना यातले कामगारांचे हक्क सहज मिळत नाहीत. त्यांचा वाद करारातल्या अटींवर चालतो. म्हणून सही करण्याआधी करार वाचा.

कंपनीच खोटी असेल तर?

घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या नावाखाली एक फसवणूक बरीच चालते. आधी गोड बोलून ऑनलाइन करार करून घेतात. चार-पाच दिवस काम देतात. मग ‘तुम्ही तास पूर्ण केले नाहीत, कामात चुका केल्या, करार मोडला’ असं सांगून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवतात आणि काही हजार रुपये मागतात. नाही भरले तर कोर्ट, पोलिस, अटक अशी धमकी देतात.

ओळखायची खूण सोपी आहे. खरी कंपनी खुलासा मागते, ठग यूपीआयवर पैसे मागतो. करार मोडल्याच्या वादात व्हॉट्सॲपवरच्या नोटिशीने कोणाला अटक होत नाही. एक रुपयाही न भरता मेसेज, नंबर, नोटीस जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर त्याच तासाला फोन करा. लाजेपोटी गप्प बसलेल्या पोरांवरच या टोळ्या जगतात.

आजपासून लावायची सवय

एक साधी शंभर पानी वही घ्या. रोज तारीख, काम सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, ब्रेक, लाइट किंवा नेट गेल्याची वेळ आणि दिवसभरात काय पूर्ण केलं, एवढं लिहा. पाच मिनिटं लागतात. लाइट गेली की टीम लीडरला लगेच एक ओळीचा मेसेज टाका आणि आली की दुसरा. टाइमशीट आठवड्याने एकदम न भरता रोजच्या रोज भरा. पासवर्ड घरातही कोणाला देऊ नका. दूध डेअरीला घालणारा शेतकरी रोजचं लिटर आणि फॅट पावतीवर बघतो, दहा दिवसांनी बिल आलं की पावत्यांशी ताडून घेतो. घरून काम करणाऱ्याची ही वही म्हणजे त्याच पावत्या आहेत.